करडी कारवी

लोणावळ्याहून लोक चिक्की आणतात. मी एकदा फुलांचे फोटो आणले, आणि तेही कृष्णधवल! ते पाहून आमची सौ. म्हणाली, "ही पालकाची जुडी का हो?"

तिचा तरी काय दोष? त्या वर्षी लोहगडच्या वाटेवर कारवी फुलली होती. ही बया सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, पण फुलली की अख्खा उतार जांभळा करून टाकते. मळवलीला उतरून आम्ही भाज्यापर्यंत गेलो. गुडघ्यांमुळे आईला पुढे चढवेना. "तू जा. फोटो काढून आण, मी घरी बघेन," म्हणाली. मी बारा फोटोंचा अख्खा रोल संपवला. धुऊन आला तेव्हा फूल करडं, पान करडं, डोंगरही करडा!

आपली फजिती जुनीच आहे असं कळलं की जिवाला बरं वाटतं, म्हणून मी इतिहासात डोकावलो. मुंबईच्या पोस्टखात्यातले जॉन ग्रॅहम यांनी या भागातल्या झाडाझुडपांची यादी केली आणि १८३९ साली खंडाळ्यालाच देह ठेवला. आपल्या पिवळ्याधमक सोनकीला इंग्रजीत अजून त्यांचं नाव आहे. त्याच १८३९ साली पॅरिसमध्ये फोटोग्राफी जाहीर झाली. साहेब थोडे थांबले असते तरी उपयोग नव्हता म्हणा! त्या काळच्या फोटोला निळा-जांभळा तेवढा दिसे. सोनकी काळीठिक्कर आली असती आणि कारवी पांढरीफटक. १८७३ साली फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने काचेवरच्या लेपात रंग मिसळला, तेव्हा कुठे तिला हिरवा-पिवळा दिसू लागला. पुढे फिल्मला सगळेच रंग दिसू लागले आणि माझी पंचाईत झाली. जांभळं आणि हिरवं, दोन्ही सारखंच करडं!

वनस्पतिशास्त्रज्ञ शहाणे. फादर सांतापाव यांनी १९५३ साली खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ काढला. ही मंडळी फुलाचा रंग सरळ शब्दांत लिहून मोकळी होतात.

आईने फोटो हातात घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "अगंबाई, किती जांभळं रे!" मला वाटलं, माझं मन राखतेय.

पुढच्या फुलोऱ्याला आई नव्हती. मी रंगीत रोल घेऊन गेलो, हौसेने फोटो काढले. आता ते विटून तांबूस झालेत. करडा मात्र होता तसाच आहे. परवा अल्बममधून तो काढला, तर मागे पेन्सिलीने आईचं अक्षर होतं: 'कारवी, लोहगड. रंग जांभळा.'