सिबेलियसने पारास्केला कधी ऐकलं?

फिनलंडच्या वाद्यवृंदाचा इतिहास सांगताना सगळे १८३५च्या 'कालेवाला'पासून सुरुवात करतात. एलियास ल्योनरोटने खेडोपाडी फिरून गाणी गोळा केली, त्यांचं महाकाव्य झालं, रॉबर्ट कायानुसने लोकधुनांवर ऱ्हॅप्सोडी बांधल्या, मग संगीतकार सिबेलियस आला. हे सगळं खरं आहे. मला मात्र खिळवून ठेवलं ते १८९१च्या एका भेटीने.

त्या वर्षी पाद्री अडोल्फ निओविउस यांच्याबरोबर लारिन पारास्के नावाची इंग्रिया प्रांतातली गरीब लोकगायिका हेलसिंकीजवळच्या पोर्वो गावात राहायला आली. ती भूदास कुटुंबात जन्मलेली, पण निओविउस यांनी तिच्या तोंडून हजाराहून अधिक गीतं, सुमारे ३२ हजार ओळी उतरवून घेतल्या. पंचविशीतला सिबेलियस तिला ऐकायला पोर्वोला गेला. बरोबर असलेल्या यर्यो हिर्नची आठवण अशी, की तो कान देऊन ऐकत होता आणि तिचे हेलकावे, तिची लय टिपून घेत होता.

पुढच्या एप्रिलमध्ये हेलसिंकीत सिबेलियसची 'कुल्लेर्वो' ही वाद्यवृंद-रचना वाजली. तिचा तिसरा भाग ऐका: पुरुषांचा कोरस पाच-चारच्या तालात गातो. रूनो-गाण्याची, म्हणजे पारास्के गायची तशा जुन्या लोकगीतांची, चाल नेमकी अशीच असते. ओळीत आठ अक्षरं, पहिली सहा एकेका मात्रेची, शेवटची दोन दुप्पट लांबवलेली. एकूण दहा मात्रा, म्हणजे पाचाच्या दुप्पट. आकडा झपतालाचा, पण तोल सगळा ओळीच्या शेपटाकडे.

वाद इथे सुरू होतो. उतारवयात सिबेलियसचं म्हणणं असं, की 'कुल्लेर्वो' आधी झाली आणि लोकगायक नंतर ऐकले. कारेलिया प्रांतातल्या लोकगायकांच्या बाबतीत ते बरोबर आहे, आयनोशी लग्न झाल्यावर १८९२च्या उन्हाळ्यात तो तिकडे गेला. पण पोर्वो कारेलियात नाही! दुसरा पक्ष व्हिएन्नाकडे बोट दाखवतो. रचना तिथेच १८९१च्या वसंतात सुरू झाली, ब्रुकनरचं संगीत तिथेच कानावर पडलं. तेही मान्य. सुरुवात व्हिएन्नात झाली, पण पूर्णत्वाला गेली ती पारास्केला ऐकल्यावर, आणि मधल्या त्या महिन्यांत स्वरलिपी त्याच्या टेबलावरच होती.

माझं मत याच्याही पुढे जातं. पाचाचा ताल छापील संग्रहातूनही उचलता येतो. गाणाऱ्या बाईकडून मिळते ती वेगळीच गोष्ट: चार-पाच सुरांची एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी किंचित वळण बदलून, आणि तरी कंटाळा नाही. १८९६मध्ये विद्यापीठातल्या जागेसाठी दिलेल्या व्याख्यानात सिबेलियसने जुन्या रूनोंच्या पाच सुरांच्या पायाबद्दलच मांडणी केली. मग लोकगायकांचा प्रभाव तो नाकारत का होता? माझ्या मते लोकधुना उचलणारा म्हणून त्याला ओळखलं जायला नको होतं. कायानुसने धून घेतली, याने धून वाढवण्याची रीत घेतली. म्हणून त्याच्या स्वरलिपीत लोकगीत शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. १९२६च्या त्याच्या 'तापिओला' या वाद्यवृंद-रचनेत जवळजवळ एकाच बीजातून सगळा विस्तार होतो. त्या रीतीचं मूळ मी पोर्वोत धरतो.