केंद्र उभे राहिले, लोक कधी आले?

गावाजवळ दवाखाना उघडला की लोक आपोआप तेथे जातील, असे आपण सहज गृहीत धरतो. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे त्याचे सूत्र होते. तातडीचा उपाय म्हणून ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र समितीने सुचवले. १९५२ साली सुरू झालेल्या सामुदायिक विकास योजनेबरोबर अशी केंद्रे उभी राहू लागली.

इमारती झाल्या, पण अंतर उरलेच. दवाखान्यात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडायची. शिवाय आजारी पडल्यावर औषध घेणे कोणालाही समजते. पण काही दुखत नसताना गरोदर बाईने तपासून घ्यावे, धडधाकट बाळाला लस टोचावी, हे सहज पटत नाही. रोग टळला तर तो दिसतच नाही. त्यामुळे प्रतिबंधाचे महत्त्व कोणीतरी विश्वासातल्या माणसानेच पटवून द्यावे लागते.

हे माणूस कोण असावे, याचे उत्तर महाराष्ट्रात शोधले गेले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडच्या दुष्काळी भागात आले. गावकऱ्यांना आधी हवे होते पाणी आणि अन्न. तेव्हा कामाची सुरुवातही तेथूनच झाली. पुढे गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवण्यात आले. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, काही दलित वस्तीतल्या होत्या. परंतु कोणाच्या घरी दिवस गेले आहेत, कोणाचे मूल जुलाबाने सुकत चालले आहे, हे त्यांना ठाऊक असे. जामखेडचा हा अनुभव जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आला. तीनच वर्षांनी, १९७८ मध्ये, अल्मा-आता येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेत लोकसहभाग आवश्यक मानला.

हा केवळ सद्भावनेचा प्रश्न आहे का? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ते मोजून पाहिले. ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तुलनेच्या गावांतील बदल लक्षात घेऊनही, नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. तुलनेची गावे नसती, तर ही घट कामामुळे की काळाच्या ओघात, हे आपल्याला सांगता आले नसते.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि ‘आशा’ कार्यकर्ती गावोगाव आली. तिच्यामागे हा सगळा इतिहास आहे. मात्र गावातल्या सेविकेवर भार टाकून केंद्रातील डॉक्टर, औषधे आणि प्रसूतीची सोय यांची उणीव भरून निघत नाही. तिच्या शब्दावर विसंबून बाई केंद्रात गेली आणि तेथे दाराला कुलूप असले, तर पुढच्या वेळी तो शब्द कोण ऐकेल?

आपल्या वर्गातील मुलांना एवढेच विचारून यायला सांगू या : उपकेंद्र कोठे आहे, लसीकरणाचा वार कोणता, आणि घरातील कोणी तेथे शेवटचे कधी गेले होते? गेले नसतील, तर का? या उत्तरांतून आपल्या गावाच्या आरोग्याचा इतिहास लिहायला सुरुवात होईल.