मुद्रणनियंत्रणाचें दप्तर व अलीकडील निःशब्द बंदी

जुन्या मराठी छापील ग्रंथांचा संग्रह करणारास ज्या साधनांवांचून पाऊल टाकतां येत नाहीं, त्यांत मुंबई सरकारच्या त्रैमासिक ग्रंथयाद्यांचें स्थान फार वरचें आहे. ग्रंथाचें नांव, भाषा, कर्ता किंवा भाषांतरकार, विषय, छापण्याचें व प्रसिद्धीचें ठिकाण, छापणाराचें नांव, छापखान्यांतून बाहेर पडल्याची तारीख, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ति, प्रतींची संख्या, खिळाछाप कीं शिळाछाप, किंमत, आणि हक्काचा धनी कोण व तो राहतो कोठें, इतकीं कलमें एकेका पुस्तकासाठीं भरावयाचीं असत. मुखपृष्ठ फाटलेलें, शेवटचीं चार पानें गेलेलीं, अशी प्रत हातीं आली म्हणजे आकार व पृष्ठें ताडून तिचें कुळ या याद्यांवरून लावतां येतें, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेल.

या याद्या विद्याप्रेमांतून निघाल्या असें मात्र कोणीं समजूं नये. त्यांचें मूळ १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यांत आहे. छापखाना चालविणारानें मॅजिस्ट्रेटपुढें जाऊन प्रतिज्ञालेख करावा, प्रत्येक छापील कागदावर छापणाराचें नांव व ठिकाण असावें, पुस्तक निघतांच सरकारास विनामूल्य प्रती द्याव्या आणि त्या प्रतींची नोंद दर तीन महिन्यांनीं गॅझेटांत प्रसिद्ध व्हावी, असा तो कायदा. ग्रंथांच्या प्रतींचें जतन हाही हेतु त्याच्या शीर्षकांत सांगितलेला आहे, व तो खोटा मानण्याचें कारण नाहीं. परंतु १८५७ चा उठाव होऊन तेव्हां दहाच वर्षें झालीं होतीं, आणि त्या सालच्या पंधराव्या कायद्यानें परवान्यावांचून छापखाना ठेवण्यास मनाई झालेली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कोण काय छापतो हें जाणण्याची उत्सुकता कोठून आली तें दिसतें. पाळतीची वही कालांतरानें संशोधकाचें उपजीव्य झाली, इतकेंच.

१८३२ सालीं 'दर्पण' निघालें तेव्हांपासून १८३५ ची मेटकाफची सवलत, १८७८ चा लिटनचा देशी वृत्तपत्रांचा कायदा, १९१० चा जामिनाचा कायदा, ही परंपरा वाचकांस परिचित आहे. तिची पुनरुक्ति येथें करीत नाहीं. आमचें लक्ष तींतील एकाच गोष्टीकडे आहे. पुस्तक सरकारजमा करावयाचें तर सरकारास त्या पुस्तकाचें नांव घेऊन जाहीर रीतीनें तसें सांगावें लागे. बंदीचा हुकूम हाच ग्रंथाच्या अस्तित्वाचा दाखला होई.

शिवाय बंदी होई ती प्रतींवर, आणि प्रत ही वस्तु मोठी चिवट आहे. गांधींच्या 'हिंद स्वराज्या'वर मुंबई सरकारनें १९१० त बंदी घातली. पुढें ६ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईंत तेंच पुस्तक गांधींनीं स्वतः उघडपणें विकलें. किंमत चार आणे. पण एका गृहस्थानें एका प्रतीचे पन्नास रुपये दिल्याचें गांधींनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. सरकारनें मग असा अर्थ केला कीं, विकलेली ही नवी आवृत्ति आहे, जी निषिद्ध ती नव्हे. सबब गुन्हा घडला नाहीं. आवृत्तिभेदाचा इतका सूक्ष्म विचार आमच्या कांहीं सूचीकारांनींही केलेला नाहीं!

दुसरें उदाहरण सावरकरांच्या सत्तावनच्या इतिहासाचें. १९०९ सालीं तो प्रसिद्ध होण्यापूर्वींच सरकारनें त्यावर बंदी घातली, ती १९४६ पर्यंत टिकली. इंग्रजी प्रती भलत्याच पुस्तकांच्या वेष्टनांतून हिंदुस्थानांत आल्या असें सांगतात. मूळ मराठी हस्तलिखित डॉ. कुटिन्हो यांनीं परदेशांत दीर्घकाळ जपलें व स्वातंत्र्यानंतर तें स्वदेशीं परत आलें. एका माणसानें एक बाड सांभाळलें आणि मराठी संहिता वांचली. हस्तलिखित-संग्राहकास याहून अधिक सांगणें नलगे.

स्वातंत्र्यानंतरही जप्तीचा अधिकार राहिलाच. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ९५ व्या कलमांत तो होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९८ व्या कलमांत आहे. मात्र अधिसूचनेंत कारणें दिलीं पाहिजेत, आणि त्या ग्रंथांत ज्याचा हितसंबंध असेल अशा कोणासही दोन महिन्यांच्या आंत उच्च न्यायालयांत जातां येतें. जेम्स लेन यांच्या शिवाजीमहाराजांवरील इंग्रजी ग्रंथाची जप्ती मुंबई उच्च न्यायालयानें २००७ सालीं रद्द केली व सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय २०१० त कायम केला. त्या ग्रंथांतील मतांशीं आमचा मुळींच मेळ नाहीं; आणि त्याच प्रकरणांत ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर संस्थेंतील ग्रंथसंपत्तीची जी नासधूस झाली, तिचें दुःखही आमच्या मनांतून गेलेलें नाहीं. परंतु अर्जदार लेखक नव्हते, प्रकाशकही नव्हते, आणि तरी त्यांचें म्हणणें ऐकलें गेलें, ही गोष्ट वाचकाच्या अधिकाराच्या दृष्टीनें लहान नव्हे. ती घडली, कारण अधिसूचना छापील होती व तिचीं कारणें तपासतां येत होतीं.

आतां इंटरनेटची गोष्ट पाहूं. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यांत मागाहून ६६-अ हें कलम घातलें गेलें, व त्याचा एक प्रयोग आमच्याच प्रांतीं पालघर येथें नोव्हेंबर २०१२ त दोन तरुणींवर झाला. मुंबई बंद पडल्याविषयीं चार ओळी एकीनें लिहिल्या व दुसरीनें त्यांस पसंती दर्शविली, एवढ्यावर दोघींस अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम घटनाबाह्य ठरविलें, आणि त्याचा गाजावाजाही यथायोग्य झाला. परंतु त्याच निकालानें ६९-अ हें कलम, म्हणजे महाजालावरील मजकूर लोकांस दिसूं न देण्याचा सरकारचा अधिकार, कायम राहिला, याकडे आमच्या मंडळींचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. न्यायालयानें म्हटलें कीं, कारणें लेखी नोंदवावयाचीं आहेत व त्यांविरुद्ध रिट अर्ज करतां येतो. तें खरें. पण या कलमाखालील २००९ च्या नियमांत सोळावा नियम असा कीं, मजकूर रोखण्याच्या मागण्या, तक्रारी व त्यांवरील कारवाई कडेकोट गुप्त राखावी. कारण लिहावें, पण तें दडवावें! वाचकाला न सांगतां त्याच्यापुढील पान नाहींसें होतें. तें कोणत्या हुकुमानें गेलें, कीं धन्यानेंच काढलें, कीं यंत्र बिघडलें, हें त्यास कळण्याचा मार्ग उरत नाहीं. शंभर वर्षांनंतरचा संशोधक कोणत्या गॅझेटांत याचा शोध घेणार?

आणि ज्यास आपण 'आपली प्रत' म्हणतों तीही आतां आपली राहिलेली नाहीं. जुलै २००९ त अॅमेझॉन कंपनीनें ऑर्वेलचीं दोन पुस्तकें, 'अॅनिमल फार्म' व '१९८४', अमेरिकेंतील विकत घेणारांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच काढून घेतलीं. ज्यानें तीं विक्रीस ठेविलीं त्यास हक्क नव्हता, हें कारण. पैसेही परत केले व कंपनीच्या प्रमुखानें माफी मागितली. तरी शक्ति दिसून आली ती आलीच. आमच्या १९५७ च्या लेखनहक्काच्या कायद्यानें एकदां लोकांत गेलेली छापील प्रत पुन्हां विकण्यास ग्रंथकार हरकत घेऊं शकत नाहीं; जुन्या बाजाराचा सारा व्यवहार यावर उभा आहे. विद्युत्-प्रत घेणारास मात्र बहुधा वाचण्याचा परवानाच मिळतो, मग बटणावर 'खरेदी' असें लिहिलेलें असो. कॅलिफोर्निया राज्यानें १ जानेवारी २०२५ पासून असा परवाना ग्राहकास स्पष्ट न सांगतां 'खरेदी' हा शब्द वापरण्यास बंदी केली आहे. आमच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत ग्राहकावर अन्याय करणाऱ्या कराराविरुद्ध तक्रारीची सोय आहे. ती ग्रंथांच्या बाबतींत कोणी लावून पाहावी अशी आमची इच्छा आहे.

१८६७ चा कायदा १ मार्च २०२४ पासून गेला. त्याच्या जागीं आलेल्या कायद्यांत केवळ नियतकालिकें आहेत, ग्रंथ नाहींत. १९५४ च्या कायद्यानें ठराविक चार ग्रंथालयांस प्रती देणें अद्याप आवश्यक आहे. परंतु तो छापील ग्रंथांसाठीं झालेला कायदा. काश्मीरच्या प्रकरणीं १० जानेवारी २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें इंटरनेट बंद ठेवण्याचे हुकूम प्रसिद्ध करावे असें सांगितलें. हेंच तत्त्व एकेक पान रोखण्याच्या हुकुमांस लागावें, निदान ठराविक वर्षांनंतर ते दप्तरखान्यांत खुले व्हावे, अशी मागणी इतिहाससंशोधन करणाऱ्या संस्थांनीं करणें योग्य होईल.

तोंपर्यंत संग्राहकांस एवढेंच सुचवितों कीं, महत्त्वाचें पान दिसतांच त्याची प्रत कागदावर उतरून घ्यावी आणि लेखनिक पोथीच्या शेवटीं शक, तिथि व स्थळ लिहीत त्याप्रमाणें त्याचा पत्ता, तारीख व वेळ खालीं लिहावी. यंत्रांतील मूळ प्रतही ठेवावी. २०२३ च्या साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालीं अशा प्रतीस जें प्रमाणपत्र जोडावें लागतें, त्यांत 'हॅश' नांवाची एक अक्षरांकमाला नोंदवावयाची असते. मजकुरांत एक काना बदलला तरी ती माला बदलते. पेशवाई कागदाच्या अखेरीस 'मोर्तब सूद' असें ज्या कारणासाठीं करीत, त्याच कारणासाठीं ही योजना आहे.