वॉर्सोचे फ्रिडमन, औंधचे भारतानंद

शाळेच्या सहलीत आपल्यापैकी अनेकांनी औंधची यमाई आणि श्री भवानी संग्रहालय पाहिलं असेल. त्याच औंध संस्थानाची घटना घडवण्यात पोलंडच्या एका ज्यू इंजिनिअरचा मोठा हात होता, हे मात्र मला स्वतः इंजिनिअर होऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं.

मॉरिस फ्रिडमन यांचा जन्म १९०१ चा, वॉर्सोतल्या गरीब ज्यू कुटुंबातला. शिक्षण विजेच्या इंजिनिअरिंगचं. फ्रान्समध्ये काम करत असताना म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांची गाठ पडली आणि फ्रिडमन बेंगळुरूचा सरकारी विद्युत कारखाना चालवायला आले. पुढे रमण महर्षी आणि गांधीजी यांच्याकडे ओढले गेले. स्वामी रामदासांनी त्यांना भारतानंद हे नाव दिलं. सूतकताईची धनुष तकली ही त्यांचीच करामत.

आपल्या बॅचमधले कितीतरी जण परदेशात आहेत. दर एक-दोन वर्षांनी आईवडिलांना भेटून जातात. तेव्हाही मुंबईहून इटलीच्या बोटी सुटत आणि दोन आठवड्यांच्या आत युरोप गाठता येई. अडचण अंतराची नव्हती. मार्च १९३८ मध्ये पोलंडने कायदा केला, की पाच वर्षांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलेल्यांचं नागरिकत्व काढून घेता येईल. रोख ज्यूंवर होता. ऑक्टोबरअखेर जर्मनीने सुमारे १७,००० पोलिश ज्यूंना घरातून उचलून सीमेवर नेऊन सोडलं. पोलंड त्यातल्या हजारोंना आत घेईना. पुढच्याच पंधरवड्यात जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली गेली.

आणि त्याच नोव्हेंबरात आपल्याकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सत्ता प्रजेच्या हाती देण्याचं जाहीर केलं! तारखा शेजारी मांडल्या तेव्हा मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

औंध म्हणजे जेमतेम ७२ गावं, तीही विखुरलेली. औंध साताऱ्यात, तर आटपाडी, कुंडल आणि किर्लोस्करवाडी आजच्या सांगली जिल्ह्यात. राजपुत्र अप्पासाहेब पंत फ्रिडमनना औंधला घेऊन आले. गांधीजींच्या सल्ल्याने मसुदा झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये घटना लागू झाली. पाया गावची निवडलेली पंचायत, तिच्यावर तालुका, वर विधिमंडळ. राजेसाहेबांच्या दिलदारपणाचं कौतुक होतं, ते रास्तच आहे. पण ज्याच्या मायदेशाने आपल्याच माणसांना परकं ठरवायचा कायदा केला, तो इथल्या शेतकऱ्यांना नागरिक करणारा कायदा लिहीत होता, हे मला जास्त मोठं वाटतं.

स्वतंत्रपूर हीसुद्धा त्यांचीच कल्पना. आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची वसाहत: भिंत नाही, बायकामुलं सोबत, कसायला शेती. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) यावरूनच सुचला. कथा गदिमांची, जे औंध संस्थानातच वाढले आणि शिकले.

सप्टेंबर १९३९ मध्ये वॉर्सोवर बॉम्ब पडले. १९४२ च्या उन्हाळ्यात तिथल्या कोंडवाड्यातून अडीच लाखांहून जास्त ज्यूंना ट्रेब्लिंकाला नेऊन मारण्यात आलं. फ्रिडमन ज्या वॉर्सोहून निघाले होते, ते आता उरलं नव्हतं. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. तिथल्या मुलांसाठी झटणाऱ्या वांदा दिनोव्स्का यांच्यासोबत फ्रिडमननी १९४४ साली मद्रासला पोलिश-भारतीय ग्रंथमाला काढली. पुढे दोघांनी तिबेटी निर्वासितांसाठीही काम केलं. निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचं 'आय ॲम दॅट' हे इंग्रजी पुस्तक (१९७३) फ्रिडमन यांचंच. १९७६ साली ते मुंबईतच वारले.

संस्थान १९४८ साली विलीन झालं. स्वतंत्रपूरची वसाहत अजून चालू आहे. आटपाडीकडे जाणं झालं तर जरूर चौकशी करा.