उसाच्या रसाचें माप

वसमत म्हटलें कीं हळदीचा बाजार डोळ्यांपुढें येतो. परंतु पूर्णेच्या पाण्यावर वाढणारा ऊसहि या मुलखाचा मोठा आधार आहे, आणि पूर्णा सहकारी साखर कारखाना येथलाच. द्रावणांत विरघळलेला पदार्थ किती, हा रसायनशास्त्रांतील रुक्ष प्रश्न येथें शेतकऱ्याच्या पदरांत पडणाऱ्या रुपयांशीं जोडलेला आहे.

कारखान्यापूर्वीं गुऱ्हाळ होतें. कढईंतील रस किती दाट झाला, हें गुळव्या डोळ्यांनीं व बोटांनीं ठरवी. पाकाचा थेंब थंड पाण्यांत टाकून त्याची गोळी वळली, कीं कढई उतरवावयाची. या परीक्षेला शास्त्रीय आधार आहे. पाणी उडून साखरेचें प्रमाण वाढतें तसा उकळण्याचा बिंदूहि चढतो, आणि गुळाचा पाक सुमारें ११६ ते ११८ अंश सेंटिग्रेडवर उतरवितात. गृहिणीचा एकतारी पाक हें याच विद्येचें धाकटें भावंड होय.

अंकांत बोलणारें माप १७६८ सालीं आंत्वान बोमे या फ्रेंच औषधविक्रेत्यानें दिलें. काचेची बंद नळी द्रवांत तरंगत ठेवावयाची. द्रव जितका जड तितकी ती कमी बुडते. शुद्ध पाण्याला शून्य, आणि शंभर भागांत १५ भाग मीठ असलेल्या द्रावणाला १५, अशा खुणा त्यानें केल्या. ही पट्टी मिठाची भाषा बोले, आणि कारखानदाराला हवी होती साखरेची. कार्ल बालिंग यानें १८४३ सालीं साखरेच्या शेकडेवारीचीं कोष्टकें केलीं. पुढें जर्मन अभियंता आडोल्फ ब्रिक्स यानें तीं सुधारलीं. साखरधंद्यांत नांव उरलें तें ब्रिक्सचें. बालिंगची आठवण बिअर करणाऱ्यांनींच काय ती ठेविली.

वीस ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणांत २० ग्रॅम साखर व ८० ग्रॅम पाणी. १०० ग्रॅम पाण्यांत २० ग्रॅम साखर घातली तर उत्तर वीस येत नाहीं, १६.७ येतें, शाळेंतील मुलें हमखास चुकतात तें येथेंच. तेंच वीस ब्रिक्सचें द्रावण १०० मिलिलिटर मोजून घेतलें, तर त्यांत साखर सुमारें २१.६ ग्रॅम भरते, कारण तें पाण्याहून जड आहे. द्रव तापला कीं फुगतो, पण त्याचें वजन बदलत नाहीं. म्हणून वजनाचें प्रमाण अधिक भरंवशाचें. प्रयोगशाळेंतील मोलर माप लिटरवर बेतलेलें असल्यानें तेथें उष्णमान सांगावें लागतें. नळी तरी तापमानाची दुरुस्ती मागतेच.

मात्र नळीला साखर ओळखतां येत नाहीं. विरघळलेलें सारेंच ती साखर समजते. साखरेचें द्रावण ध्रुवित प्रकाशाची दिशा फिरवितें, हें ब्यो या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८१५ सालीं दाखविलें, आणि त्यावर बेतलेल्या यंत्राच्या आकड्यास पोल म्हणतात. ब्रिक्स २० व पोल १७ असेल, तर रसाची शुद्धता शेकडा ८५. तोडलेला ऊस गाडींत दोन-तीन दिवस पडून राहिला तर ब्रिक्स फारसा उतरत नाहीं, ऊस सुकल्यामुळें कधीं चढतोहि. पण साखर मोडून द्राक्षशर्करा व फलशर्करा होतात आणि त्या मळींत जातात. पोल उतरतो.

गुऱ्हाळावर गोळी वळली कीं नाहीं हें ऊसवाला स्वतः पाहत असे. कारखान्याचा आकडा त्याला कागदावरूनच कळतो, आणि उसाचा दर साखर-उताऱ्याशीं बांधलेला आहे. २००९ सालीं रास्त व किफायतशीर दराची पद्धत आली तेव्हां पायाभूत उतारा शेकडा ९.५ होता, २०२२-२३ च्या हंगामापासून तो १०.२५ धरण्यांत आला. उतारा काढतात तो सबंध कारखान्याचा. ताजा ऊस घालणारा व शिळा घालणारा, दोघेहि एकाच सरासरींत बसतात.