टेप-बॅकअप सर्व्हर : आपत्ती-पुनर्प्राप्तीचे नियोजन

संगणक केंद्र आगीत, पुरात, भूकंपात किंवा रॅन्समवेअरच्या हल्ल्यात निकामी झाले, तर चुंबकीय टेपवरील बॅकअपमधून कामकाज पुन्हा उभे करता यावे यासाठी आधीच करून ठेवलेली तयारी. तिचा गाभा असा की, इतर कोणत्याही सर्व्हरच्या आधी बॅकअप सर्व्हर स्वतः उभा राहिला पाहिजे. कोणती फाइल कोणत्या टेपवर आणि कुठे आहे याची नोंद त्याच्या डेटाबेसमध्ये असते. ती नोंद गेली, तर सुरक्षित तिजोरीतल्या टेपा शाबूत असूनही हाती काही लागत नाही. पगार, ईमेल, हिशेब यांचे सर्व्हर किती तासांत सुरू होतील हे योजनेत तपशिलाने लिहायचे आणि बॅकअप सर्व्हर जणू चालूच असेल असे धरून चालायचे, ही अशा योजनांतील सर्वांत घातक उणीव आहे.

या नियोजनाचा सर्वांत नीट विकसित नमुना म्हणजे आयबीएमची प्रणाली. ती १९९३ मध्ये एडीएसएम या नावाने आली, १९९९ मध्ये टिव्होली स्टोरेज मॅनेजर झाली आणि २०१५ मध्ये स्पेक्ट्रम प्रोटेक्ट. आज तिचे नाव स्टोरेज प्रोटेक्ट आहे, पण संगणक विभागांत ती अजूनही टीएसएम म्हणूनच ओळखली जाते. टीएसएम प्रत्येक यंत्राचा पूर्ण बॅकअप एकदाच घेते आणि त्यानंतर रोज फक्त बदललेल्या फाइली टेपवर लिहिते. यामुळे टेप आणि वेळ दोन्ही वाचतात, पण एकाच यंत्राच्या फाइली कित्येक टेपांवर विखुरतात. डेटाबेसशिवाय त्या जुळवणे व्यवहारात अशक्यच. इतर प्रणालींत थोडी सवलत मिळते. मेरीलँड विद्यापीठात जन्मलेल्या अमांडाच्या टेपेवर प्रत्येक बॅकअपच्या आरंभीच तो कोणत्या आज्ञेने वाचावा हे लिहिलेले असते. बॅक्युलामध्ये टेपा वाचून सूची नव्याने बांधता येते, मात्र त्याला फार वेळ लागतो.

टीएसएममध्ये डेटाच्या टेपांची एक प्रत लायब्ररीत, म्हणजे टेपा आपोआप चढवणाऱ्या यंत्रात, राहते आणि दुसरी बाहेर पाठवली जाते. बाहेर जाणाऱ्या टेपांत डेटाबेसच्या बॅकअपचीही टेप असावीच लागते. तिच्याबरोबर तीन लहान फाइलीही हव्यात : सर्व्हरच्या पर्यायांची, टेपांच्या इतिहासाची आणि उपकरणांच्या मांडणीची. डेटाबेस परत आणताना त्याचा बॅकअप कोणत्या टेपवर आहे हे इतिहासाच्या फाइलीतूनच कळते. ती फाइल फक्त जळालेल्या सर्व्हरवर असेल, तर योग्य टेप ओळखण्यासाठी एकेक टेप चढवून पाहावी लागते. ‘प्रिपेअर’ या आज्ञेने टीएसएम या सर्वांचा एकत्रित आराखडा तयार करते. हा आराखडा रोज नव्याने काढून केंद्राबाहेर पाठवावा आणि त्याची छापील प्रतही ठेवावी.

आपत्तीनंतर पर्यायी केंद्रात त्याच आवृत्तीची ऑपरेटिंग सिस्टीम आणि त्याच आवृत्तीचे टीएसएम बसवतात, तिन्ही फाइली जागेवर ठेवतात आणि डेटाबेस रिस्टोअर करतात. तिथली लायब्ररी सहसा वेगळी असते, म्हणून उपकरणांच्या फाइलीत ड्राइव्हचे पत्ते आणि डेटाबेसची टेप कोणत्या खणात आहे हे हाताने दुरुस्त करावे लागते. अनुभवी माणसाचाही इथे बराच वेळ जातो. पुढे मूळ केंद्रातील टेपांवर ‘नष्ट’ अशी खूण केली की सर्व्हर आपोआप बाहेरच्या प्रतींकडे वळतो. या पहिल्या सुरुवातीला स्वयंचलित कामे, विशेषतः मुदत संपलेल्या नोंदी पुसण्याचे काम, बंद ठेवणे अत्यावश्यक आहे. ते चालू राहिले, तर मुदत ओलांडलेल्या जुन्या आवृत्त्यांच्या नोंदी नव्याने उभा राहिलेला सर्व्हरच काढून टाकतो, आणि आपत्तीच्या वेळी नेमकी त्यांचीच गरज पडू शकते.

पुनर्वापराची मुदत ही दिसायला किरकोळ, पण सबंध योजना उधळू शकणारी नोंद आहे. टेपवरील बऱ्याच फाइली कालबाह्य झाल्या की उरलेल्या दुसऱ्या टेपवर हलवून पहिली मोकळी केली जाते. समजा, सोमवारी मोकळी झालेली टेप मंगळवारी नव्या डेटाने भरली आणि बुधवारी केंद्र बुडाले. हाती रविवारचा डेटाबेस असेल, तर त्याच्या हिशेबी जुन्या फाइली अजून त्याच टेपवर आहेत. प्रत्यक्षात तिथे वेगळेच काही असते. म्हणून डेटाबेसचे बॅकअप जितके दिवस जपायचे, निदान तितके दिवस मोकळी टेप पुन्हा वापरात आणू नये. हा आकडा आज किती ठेवला आहे, हे प्रत्येक प्रशासकाने स्वतः पाहावे.

टेपा कूटबद्ध करण्याच्या किल्ल्यांचा प्रश्नही असाच आहे. डिसेंबर २००४ मध्ये बँक ऑफ अमेरिकाच्या बॅकअप टेपा वाहतुकीत हरवल्याचे २००५ मध्ये उघड झाले आणि त्यांवर अमेरिकी संघराज्याच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खाती होती. त्यानंतर टेपवरील माहिती कूटबद्ध करण्याचा आग्रह वाढला आणि एलटीओ प्रकारच्या टेपांच्या चौथ्या पिढीपासून (एलटीओ-४) ही सोय ड्राइव्हमध्येच आली. किल्ल्या टीएसएमने सांभाळायच्या ठरवल्या, तर त्या तिच्या डेटाबेसमध्ये राहतात आणि त्या डेटाबेसची बॅकअप टेप मात्र या पद्धतीने कूटबद्ध होत नाही. म्हणून डेटाच्या टेपा आणि डेटाबेसची टेप एकाच पेटीत, एकाच माणसाबरोबर पाठवणे धोक्याचे.

किती तासांचा डेटा गमावणे परवडेल याचे खरे उत्तर कुरिअरच्या वेळेत असते. टेपांची पेटी रोज सकाळी निघत असेल आणि दुर्घटना पहाटे घडली, तर जवळजवळ पूर्ण दिवस जातो. लायब्ररीत तयार पडून असलेल्या टेपा मोजायच्या नसतात. ‘शेअर’ या आयबीएम वापरकर्त्यांच्या संघटनेने १९९२ च्या सुमारास केलेल्या आपत्ती-पुनर्प्राप्तीच्या श्रेणींमध्ये टेपा अशा गाडीने बाहेर पाठवण्याच्या पायरीला ‘पिकअप ट्रक ॲक्सेस मेथड’ हे नाव रूढ झाले. काम किती तासांत सुरू होईल हे ड्राइव्हच्या संख्येवर ठरते. एलटीओ-९ टेपेवर १८ टेराबाइट मावतात आणि ड्राइव्हचा वेग सेकंदाला ४०० मेगाबाइट असतो, म्हणजे एक टेप सलग वाचायला साडेबारा तास. विखुरलेल्या फाइली शोधत टेप पुढे-मागे करावी लागली, तर त्याहून बराच जास्त.

केंद्र आणि टेपांची तिजोरी यांमधील अंतराचे महत्त्व मुंबईला वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. तळमजल्यावरचे केंद्र आणि शेजारच्या उपनगरातली तिजोरी अशा दिवशी एकाच वेळी पाण्यात जाऊ शकतात. शेअर बाजारांनी पर्यायी केंद्र वेगळ्या भूकंपक्षेत्रात, आणि ते शक्य नसल्यास किमान ५०० किमी दूर ठेवावे, अशी सेबीची अपेक्षा आहे. अंतराइतकीच टेपेची अलिप्तताही मोलाची आहे. २७ फेब्रुवारी २०११ रोजी सॉफ्टवेअरमधील दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांची पत्रे नाहीशी झाली. निरनिराळ्या केंद्रांतील प्रतींनाही तो दोष बाधला, पण टेपा जोडलेल्याच नसल्याने वाचल्या आणि पत्रे त्यांवरून परत आणली गेली.

सराव मूळ सर्व्हरला हात न लावता, केवळ बाहेरच्या टेपा आणि छापील आराखडा घेऊन करावा. तोही योजना लिहिणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या कुणी. ड्राइव्हची पिढी त्यातच तपासून होते. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेपा वाचत. एलटीओ-८ आणि एलटीओ-९ फक्त एक पिढी मागच्या वाचतात. त्यामुळे पर्यायी केंद्राने नवे ड्राइव्ह घेतले, तर दहा वर्षे जपायच्या एलटीओ-६ टेपांसाठी एक जुना ड्राइव्ह चालू स्थितीत राखून ठेवावा लागतो.