महजर: गोताच्या निवाड्याची कुळकथा

मराठी मुलखातील जमिनीच्या कज्जांचा मागोवा घेताना सनदा, मिरासपत्रे आणि ताळेबंद यांच्या राशीतून ज्या एका कागदापाशी अधिक काळ थांबावेसे वाटते, तो म्हणजे महजर. वादाचा निवाडा झाल्यावर, सभेत हजर असलेल्यांच्या नावांनिशी आणि साक्षींनिशी लिहिल्या जाणाऱ्या या लेखाचा घाट सुलतानी अमदानीतील फारसी कारभारातून आला. परंतु त्यात जिचा निर्णय उतरे ती गोतसभा पाटील-कुलकर्णी, मिरासदार आणि बलुतेदार यांची, आणि प्रसंगी परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांनाही सामावून घेणारी अशी अस्सल गावची संस्था होती.

दोन गावांच्या शिवेचा तंटा उभा राहिला, की उभय पक्षांच्या तकरिरा म्हणजे लेखी कैफियती लिहून घेत, निवाडा मान्य करू अशा कबुलीचे राजीनामे आणि जामीनकतबे (जामिनाचे लेख) घेत, मग आसपासच्या गावांतील जाणत्यांची गोही म्हणजे साक्ष तपासत. आणि आपल्या परगण्याचे गोत पक्षपाती आहे असा संशय आल्यास परस्थळी निवाडा मागण्याची मुभाही वाद्यांना असे. हरणारा आपली हार मान्य करणारे येजितखत लिहून देई, जिंकणारा जिंकल्याबद्दलची रक्कम म्हणून सरकारात हरकी भरी. साक्षी-पुरावे थकले म्हणजे दिव्याचा म्हणजे दैवी परीक्षेचा आश्रय घेतला जाई, ही गोष्ट समर्थनीय नाही आणि तिचे समर्थन मी करणार नाही.

परंतु महजराचा तळ पाहावा. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी तेथे आपापल्या व्यवसायाची निशाणी उठविलेली असे: कुणब्याचा नांगर, परटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा. गावाची शीव ज्याला पाठ, त्या महार वतनदाराची साक्ष शिवेच्या तंट्यात फार मोलाची मानली जाई. ज्याला समाजाने वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच शब्दावर वेशीबाहेरच्या जमिनीची हद्द ठरे, ही विसंगती त्या व्यवस्थेचा मोठा कलंकही आहे आणि तिच्या व्यावहारिक शहाणपणाचा पुरावाही. गतकुळीची, म्हणजे धनी न उरलेली, पडीत जमीन नव्या माणसास मिरास म्हणजे वंशपरंपरेची करून देताना पाटील एकटा ती देत नसे; गावाची संमती आणि साक्ष त्यासाठी लागे. मिरास नसलेल्या उपरी कुळांना मात्र मिरासदारांच्या बरोबरीचा मान नव्हता, आणि गोतात स्त्रियांचा आवाज क्वचितच उमटला.

ब्रिटिश अंमल आल्यावर त्याचा अधिकारी एल्फिन्स्टन याने 1819 च्या आपल्या अहवालात ग्रामसंस्थांची आणि पंचायतींची प्रशंसा केली खरी, पण इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास सुरू केलेल्या जमीन-पाहणीने आणि त्यामागोमाग आलेल्या रयतवारी बंदोबस्ताने सरकारचा संबंध एकेका खातेदाराशी जोडला. सर्व्हे नंबर आला, हद्दीचे दगड आले, नकाशा आला. शिवेचे ज्ञान माणसांच्या स्मरणातून दफ्तरात गेले. या बदलाने पुष्कळ अन्याय टळले, हे मान्य करूनही मला वाटते, की जमिनीच्या हद्दीबरोबरच ती हद्द एकत्र बसून ठरविण्याचा अधिकारही गावाच्या हातून गेला, आणि 1878 च्या वनकायद्याने तर वापराचे रान राखीव करताना ते वापरणाऱ्यांस बहुधा याचक करून ठेवले.

महजर हे नाव आज दक्षिणेकडील राज्यांत पंचनाम्यासाठी उरले आहे. पण त्यामागची रीत, थेट वंशज म्हणता येणार नाही अशा रूपात, 2006 च्या वनहक्क कायद्यात पुन्हा दिसते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड वस्तीच्या गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत आधीपासूनच जोपासली होती. कायद्याच्या नियमांनुसार ग्रामसभेच्या हजेरीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. आणि दोन गावांच्या पारंपरिक हद्दींवरून वाद निघाला, तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी प्रथम एकत्र बसावे आणि आपला निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेपुढे लेखी ठेवावा, असे तेच नियम सांगतात.